घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिक आणि रडर पेडल: निवड मध्यबिंदूपासून करावी

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका विद्यार्थ्याचा आहे. बारावीनंतर तो वैमानिक प्रशिक्षणासाठी जाणार असून सध्या घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये गेमपॅडवर सेसना १७२ हे एका इंजिनाचे लहान विमान उडवतो. दांडा पिळून रडर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा हलता भाग) चालवता येणारी जॉयस्टिक पुरेल की वेगळी पेडल घ्यावीत, आणि पैसे मोजकेच असतील तर ते एका भारी जॉयस्टिकवर घालावेत की साधी जॉयस्टिक व पेडल अशा दोन वस्तूंत वाटावेत, असे त्याने विचारले आहे.

माझे उत्तर असे की, हॉल इफेक्ट सेन्सर (चुंबकावर चालणारा, न घासणारा सेन्सर) असलेली साधी जॉयस्टिक घ्या, उरलेल्या पैशांत टो ब्रेक (पावलाच्या वरच्या भागाने पेडल दाबून लावायचे चाकांचे ब्रेक) असलेली पेडल घ्या, आणि या दोन्ही वस्तू जागच्या हलणार नाहीत अशा बसवण्यासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा. मी परवानाधारक वैमानिक नाही. शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे, गेली सतरा-अठरा वर्षे मी घरी सिम्युलेटर चालवतो आणि ओळखीच्या लोकांच्या बिघडलेल्या जॉयस्टिक उघडून दुरुस्त करून देतो. त्यामुळे पुढचे विवेचन विमान शिकवणाऱ्याचे नसून या वस्तू आतून पाहिलेल्या माणसाचे आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

दुकानदार जॉयस्टिक दाखवताना बटणे मोजून दाखवतो, पण बटणांचा विचार सर्वांत शेवटी करावा. विमान उडवताना दांडा टोकापर्यंत जाण्याचे प्रसंग फार थोडे असतात. सरळ उड्डाणात, वळणात आणि विशेषतः उतरताना शेवटच्या पाचशे फुटांत दांडा मध्याच्या आजूबाजूला बोटभर जागेत हलत असतो. या बोटभर जागेत जॉयस्टिक किती खरी वागते, यावरच तिची किंमत ठरवावी. अर्धा सेंटिमीटर डावीकडे नेल्यावर विमान तेवढेच कलले पाहिजे, सोडल्यावर दांडा दर वेळी त्याच ठिकाणी परतला पाहिजे, आणि हात न लावता आकडे नाचता कामा नयेत. या तीन गोष्टी सेन्सर, स्प्रिंग आणि दांड्याचा सांधा म्हणजे गिंबल यांवर अवलंबून असतात, आणि त्यांपैकी एकही गोष्ट खोक्यावरच्या चित्रात दिसत नाही.

सेन्सर दोन प्रकारचे आढळतात. जुन्या आणि स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसाच भाग. त्यात कार्बनच्या पट्टीवरून धातूची जीभ घासत फिरते, आणि दांडा सर्वांत जास्त वेळ मध्याजवळ असल्यामुळे पट्टी नेमकी तिथेच झिजते. म्हणजे जी जागा सर्वांत चोख हवी, तीच सर्वांत आधी खराब होते. हॉल इफेक्ट सेन्सरमध्ये दांड्याबरोबर चुंबक फिरते आणि स्थिर चिप त्याच्या चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजते. एकमेकांना काही घासत नसल्यामुळे झीज होण्याचा प्रश्न येत नाही.

माझी पहिली जॉयस्टिक पोटेन्शिओमीटरची होती. ऐन आषाढात, भिंतींना ओल आली असताना, माझे विमान धावपट्टीवर आपोआप उजवीकडे ओढू लागले. आठवडाभर मी सिम्युलेटरमधल्या वाऱ्याला दोष देत राहिलो, वारा शून्य केला, विमान बदलले, पण विमान ओढतच राहिले. शेवटी विंडोजमधली गेम कंट्रोलरची खिडकी उघडली (स्टार्टमध्ये जॉय डॉट सीपीएल असे इंग्रजीत टाइप केले की ती उघडते), तेव्हा हात न लावलेल्या दांड्याचा पिळाचा आकडा थरथरताना दिसला. पट्टीवर बसलेली धूळ ओलाव्याने चिकट झाली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काम चार महिने निभावले, आणि त्यानंतर पट्टी कायमची गेली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवा चार महिने घरात मुक्कामाला असते, म्हणून इथल्या माणसाने हॉल सेन्सरला थोडे अधिक झुकते माप द्यावे असे मला वाटते.

यातली एक गोम मात्र ठाऊक हवी. थ्रस्टमास्टरची टी १६००० एम ही जॉयस्टिक तिच्या हॉल सेन्सरसाठी ओळखली जाते आणि ती ओळख योग्यच आहे, परंतु हॉल सेन्सर तिच्या पुढे-मागे आणि डावी-उजवी या दोनच अक्षांवर आहेत. दांड्याचा पीळ आणि तळावरची थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी, पट्टी पोटेन्शिओमीटरवरच चालतात. म्हणूनच या जॉयस्टिकचा पीळ आधी खराब होऊन मग ती माझ्याकडे दुरुस्तीला येते. ज्याच्याकडे पेडल आहेत त्याला या उणिवेचा त्रास होत नाही, कारण तो पीळ वापरतच नाही. तिची मूठ डाव्या हातासाठीही बदलता येते, ही तिची आणखी एक जमेची बाजू.

रिझोल्यूशनच्या आकड्यांना भुलू नये. दहा बिटांचा सेन्सर एका अक्षाचे १,०२४ भाग करतो आणि चौदा बिटांचा १६,३८४. मुठीची एकूण हालचाल पंधरा सेंटिमीटर धरली, तर १,०२४ भागांतला एक भाग सुमारे ०.१५ मिलिमीटर येतो. इतकी बारीक हालचाल आपला हातही करू शकत नाही. त्यामुळे चौदा बिटांचा थरथरणारा सेन्सर घेण्यापेक्षा दहा बिटांचा स्थिर सेन्सर केव्हाही चांगला.

स्प्रिंग आणि गिंबल यांची परीक्षा हातानेच करावी लागते. बऱ्याच स्वस्त जॉयस्टिकमध्ये दोन्ही अक्षांसाठी मिळून एकच मोठी गोल स्प्रिंग दांड्याभोवती बसवलेली असते. तिच्यात मध्यातून बाहेर पडताना एक अडखळ जाणवते: थोडा जोर लावावा लागतो, मग दांडा एकदम सुटतो आणि हवे त्यापेक्षा पुढे जातो. उतरताना विमानाचे नाक वर-खाली डोलत राहते, त्यामागे अनेकदा वैमानिकाच्या चुकीपेक्षा ही अडखळच असते. व्हीकेबीच्या ग्लॅडिएटर एनएक्सटीसारख्या जॉयस्टिकमध्ये प्रत्येक अक्षाला स्वतंत्र स्प्रिंग आणि ती जिच्यावर दाबून बसते तो आकार दिलेला तुकडा, म्हणजे कॅम, असतो, स्प्रिंग कमी-अधिक ताकदीच्या बदलता येतात, आणि पेडल घेतल्यावर दांड्याचा पीळ बंद करून ठेवण्याची सोयही असते. वापरलेली जॉयस्टिक विकत घेताना दांडा दोन बोटांत धरून मध्याभोवती रुपयाच्या नाण्याएवढे वर्तुळ सावकाश काढून पाहावे. पडद्यावरचे चिन्ह गोल फिरले तर सांधा ठीक आहे, पायऱ्या-पायऱ्यांनी फिरले तर किंमत पाडून मागावी किंवा नाद सोडावा.

आता मुख्य प्रश्न, पीळ की पेडल. बोइंग किंवा एअरबसच उडवायची असेल, तर पिळावर वर्षानुवर्षे भागते, कारण या विमानांत वळण समतोल ठेवण्याचे काम यंत्रणा करते आणि वैमानिकाचे पाय मुख्यतः धावपट्टीवर कामाला येतात. सेसनाचे तसे नाही. पंखा एकच, तोही नाकावर. कॉकपिटमधून पाहताना तो घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढले जाते. उड्डाण घेताना उजवा पाय द्यावाच लागतो. हवेत डावीकडे कलताना उजव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) खाली जातो, त्या बाजूचा रोध वाढतो आणि नाक क्षणभर उजवीकडे जाऊ पाहते. ते आवरायला डावा पाय. म्हणजे हात हलला की पायही हलला पाहिजे, आणि ही सवय लागण्यासाठी पायाखाली काहीतरी असायला हवे.

पिळाची खरी अडचण आडव्या वाऱ्यात कळते. उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, धावपट्टीचे क्रमांक ०७ आणि २५ आहेत. समजा तुम्ही २५ वर, म्हणजे सुमारे २५० अंशांच्या दिशेने उतरत आहात आणि वारा २२० अंशांकडून २० नॉट (ताशी सुमारे ३७ किलोमीटर) वेगाने येत आहे. दोन दिशांमध्ये ३० अंशांचा कोन आहे, ३० अंशांची ज्या (साइन) अर्धी असते, म्हणून धावपट्टीला आडवा वारा १० नॉटचा, डावीकडून. सेसना १७२ एस च्या माहितीपुस्तिकेत उतरून दाखवलेला आडवा वारा १५ नॉटचा आहे, तेव्हा ही परिस्थिती अवघड असली तरी नेहमीच्या सरावातली आहे. जमिनीला टेकण्यापूर्वी डावा पंख वाऱ्याकडे झुकवायचा आणि नाक धावपट्टीच्या रेषेत राहावे म्हणून रडर उजवीकडे द्यायचा. पिळाच्या जॉयस्टिकवर याचा अर्थ असा की, तोच हात दांडा डावीकडे कलवणार, तोच हात तो दांडा उजवीकडे पिळणार, आणि त्याच हाताने नाक उचलण्यासाठी दांडा हळूहळू मागेही घ्यायचा. डावीकडे कलवताना मनगटाचा स्वाभाविक ओढा डावीकडेच पिळण्याचा असतो. तीन अक्षांपैकी एक सांभाळायला गेले की दुसरा बिघडतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला आडव्या वाऱ्यात उतरणे जमत नाही. प्रत्यक्षात त्याचा हात एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करत असतो. पेडल आली की हे काम हात आणि पाय यांत वाटले जाते. म्हणूनच भारी जॉयस्टिक आणि पीळ या जोडीपेक्षा साधी जॉयस्टिक आणि पेडल ही जोडी मी तुमच्यासाठी योग्य मानतो.

पेडल निवडताना टो ब्रेक आहेत की नाहीत हे प्रथम पाहा. सेसना १७२ चे पुढचे चाक पेडलने डावी-उजवीकडे साधारण १० अंशच वळते, त्याहून आखूड वळण घ्यायचे तर त्या बाजूचा ब्रेक दाबून चाक ३० अंशांपर्यंत न्यावे लागते. टो ब्रेक नसलेली पेडलही चांगली बनवलेली मिळतात, व्हीकेबीची टी-रडर हे त्याचे उदाहरण, पण ती तुमच्या उपयोगाची नाहीत.

टो ब्रेक असलेल्यांत थ्रस्टमास्टरची टीएफआरपी सर्वांत हलकी आणि परवडणारी. तिच्यात पावले एकमेकांच्या फार जवळ येतात, गुडघे आत वळवून बसावे लागते, आणि उंच माणसाच्या मांड्या तासाभरात भरून येतात. लॉजिटेकची, म्हणजे पूर्वीची सायटेकची पेडल रुंद आणि जड आहेत, मधल्या गोल बटणाने त्यांचा ताण कमी-जास्त करता येतो, परंतु आतले सेन्सर पोटेन्शिओमीटरचे आहेत. ती वापरलेली घेणार असाल तर मी वर सांगितलेली विंडोजची खिडकी उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याच्या वरच्या पायरीवर क्रोएशियात बनणारी एमएफजी क्रॉसविंड आणि थ्रस्टमास्टरची टीपीआर ही पेडल येतात. दोन्हींत सेन्सर स्पर्शाविना चालणारे आहेत आणि मध्याजवळची हालचाल लोण्यासारखी आहे. परंतु विद्यार्थ्याने एवढा खर्च आताच करावा असे मला वाटत नाही. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत घरच्या सिम्युलेटरचे एक मिनिटही धरले जात नाही. ते पैसे पुढे खऱ्या उड्डाणाला लागतील.

आता बसवणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लोक नेमके इथेच चुकतात. पेडल आणल्यावर पहिल्याच दिवशी असे होते की, उजवा पाय दिला की चाकांची खुर्ची मागे पळते, आणि खुर्ची अडवली तर पेडल गुळगुळीत फरशीवरून टेबलाखाली सरकत जातात. पेडलखाली चिकटवलेल्या रबराच्या चकत्या मोझेक फरशीवर धूळ बसल्यावर निकामी होतात. मी आधी पेडल आणि भिंत यांच्यामध्ये जुना पाट उभा करून पाहिला. भागले, पण दर वेळी पेडलचे अंतर बदलायचे आणि पायाला सवय लागायची नाही.

पुढे १९ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची एक लांब फळी घेतली, तिच्या पुढच्या टोकाला पेडल बोल्टने आवळली आणि मागच्या टोकाला बिनचाकाची खुर्ची तिच्यावरच ठेवली. आता तुमचे स्वतःचे वजनच पेडलला धरून ठेवते. जितक्या जोराने पाय द्याल तितक्याच जोराने फळी खुर्चीला ओढून धरते, आणि कुठेच काही सरकत नाही. खुर्ची चाकांचीच असेल तर फळीवर चाकांपुरत्या वाट्या कोरून घ्याव्यात. पेडल जमिनीला सपाट न ठेवता पुढची बाजू थोडी उचलून बसवावी, म्हणजे टाच खाली टेकलेली राहते, रडरसाठी पावलाचा खालचा भाग आणि ब्रेकसाठी वरचा भाग असा भेद पायाला कळतो. बूट पातळ तळव्याचे घालावेत किंवा मोज्यांवर बसावे. कोल्हापुरी पायताण या कामाला अजिबात घेऊ नये. चामड्याचा गुळगुळीत तळ पेडलवरून निसटतो, हे मी अभिमान गिळून लिहीत आहे.

जॉयस्टिकच्या बाबतीत टेबलाची उंची हा शत्रू. लिहिण्याच्या टेबलावर ठेवलेल्या दांड्याची मूठ जवळजवळ छातीच्या पातळीला येते, हात अधांतरी राहतो आणि बारीक हालचाल मनगटाऐवजी खांद्यातून होऊ लागते. तळ इतका खाली हवा की मूठ धरल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा राहील आणि मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकेल. यासाठी तयार क्लॅम्प बाहेरून मागवता येतात, पण कोल्हापूरच्या माणसाने ते मागवावेत हे मला थोडे लाजिरवाणे वाटते. उद्यमनगरातला कोणताही फॅब्रिकेटर चौकोनी पाइप, एक एमएस (साध्या पोलादाची) प्लेट आणि दोन सी-क्लॅम्प यांतून अर्ध्या दिवसात ते करून देईल. जाताना जॉयस्टिकच बरोबर न्या, तळाच्या भोकांचे माप तिथेच घेऊ द्या. कागदावर काढून नेलेले माप दोन मिलिमीटरने हुकते आणि मग भोके मोठी करावी लागतात. प्लेटच्या कडा घासून घ्यायला सांगावे, नाहीतर गुडघा सोलून निघतो.

सिम्युलेटरमधल्या सेटिंगमध्ये पहिले काम म्हणजे रडर आपोआप सांभाळणारी मदत बंद करणे, नाहीतर पेडल घेऊनही पाय शोभेचे राहतील. डेडझोन, म्हणजे मध्याजवळचा सिम्युलेटरने दुर्लक्षित करायचा भाग, हॉल सेन्सरला शून्य किंवा फार तर दोन टक्के ठेवावा. मोठा डेडझोन म्हणजे आपणच मोजून विकत घेतलेला मध्यभाग पुसून टाकणे. अपवाद टो ब्रेकचा. नवख्याचा पाय नकळत वर सरकतो आणि उड्डाण घेताना ब्रेक लागलेले राहतात, म्हणून त्या अक्षांना दहा-पंधरा टक्के डेडझोन द्यावा आणि पाय शिस्तीत आल्यावर कमी करावा. लहान दांड्याच्या जॉयस्टिकला मध्याजवळ प्रतिसाद मवाळ करणारा थोडा कर्व्ह (हालचाल आणि प्रतिसाद यांचे प्रमाण बदलणारे सेटिंग) चालतो. फार दिला तर टोकाकडे विमान एकदम उसळते. यूएसबी पोर्टची वीजबचत विंडोजमध्ये बंद करून ठेवावी, कारण ऐन उतरताना पेडल झोपी गेल्याचा अनुभव सुखाचा नसतो.

ट्रिमबद्दल, म्हणजे दांडा सतत धरून ठेवण्याचा भार काढून टाकणाऱ्या सोयीबद्दल, एक सूचना, कारण खऱ्या विमानात गेल्यावर इथे गोंधळ होतो. खऱ्या सेसनात वेगाप्रमाणे योक, म्हणजे दांड्याऐवजी असलेले स्टिअरिंगसारखे चाक, जड किंवा हलका होतो, आणि योक आहे तिथेच धरून ट्रिमचे चाक फिरवत हातावरचा भार काढून टाकायचा असतो. घरच्या स्प्रिंगला वेग कळत नाही. ती नेहमी एकाच मध्याकडे ओढते. म्हणून सिम्युलेटरमध्ये ट्रिम फिरवत असतानाच दांडा हळूहळू मध्याकडे सोडावा लागतो. क्रिया वेगळी असली तरी हेतू तोच, हातावरचा भार शून्य करणे. फोर्स फीडबॅकच्या तळांत मोटार हा बदलता भार निर्माण करते, पण त्यांची किंमत पाहता तो विषय नोकरी लागल्यावर काढावा.

सेसनात योक असतो, मग जॉयस्टिक का, असेही तुमच्या मनात येईल. योक चांगला हवा तर तो पूर्ण फिरणारा हवा. हनीकोंबचा अल्फा १८० अंश फिरतो, लॉजिटेकचा ९० अंश. चांगला योक घेतला की पेडलसाठी पैसे उरत नाहीत, आणि योक नसल्याने जेवढे अडते त्यापेक्षा पेडल नसल्याने जास्त अडते. पुढे एअरबस ए ३२० वर गेलात, तर तिथे बाजूची जॉयस्टिकच असते. हेलिकॉप्टरचा हिशेब निराळा आहे. तिथे मध्याकडे ओढणारी स्प्रिंगच नको असते.

सगळे बसवून झाल्यावर वर दिलेलाच प्रसंग लावा: उजळाईवाडी, धावपट्टी २५, वारा २२० अंशांकडून २० नॉट, ढग नकोत. एका बैठकीत पाच वेळा उतरा आणि प्रत्येक वेळी टेकण्याच्या क्षणी नाक मधल्या रेषेच्या कोणत्या बाजूला होते ते वहीत लिहा. नाक कधी डावीकडे, कधी उजवीकडे असेल तर सराव कमी पडतो आहे. पाचही वेळा एकाच बाजूला असेल तर सराव वाढवण्याआधी फळीखाली वाका आणि पेडलचे बोल्ट ढिले झाले आहेत का ते पाहा.